'माय वॉर'ची दुसरी बाजू

मार्च 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एसएसटी नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं 'ब्लॅक फ्लॅग' या बँडचा नवा अल्बम बाजारात आणला. नाव 'माय वॉर'. पहिल्या बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला फक्त तीन. हार्डकोर पंक ऐकणाऱ्या पोरांना हा हिशोबच पटेना. त्यांच्या संगीतात गाणं दीड मिनिटात संपायचं, अडीच मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. इथे दुसऱ्या बाजूचं प्रत्येक गाणं सहा मिनिटांच्या वर, तिन्ही मिळून जवळपास वीस मिनिटं. ज्या बँडनं सगळ्या देशाला भरधाव वाजवायला शिकवलं, तोच आता इतक्या संथ लयीत वाजवत होता की ड्रमचा एक ठोका पडल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

पंक मंडळींनी कपाळाला हात लावला. त्या वर्तुळात ज्याचा शब्द चालायचा त्या 'मॅक्सिमम रॉकनरोल' या नियतकालिकानं अल्बमची टर उडवली. पंकवाल्यांना ज्याचा तिटकारा होता ते हेवी मेटल या लोकांनी जवळ केलं, असा एकूण सूर. त्यात बँडमधल्या सगळ्यांनी केस वाढवले होते. डोकं भादरून हिंडणाऱ्या श्रोत्यांना ही सरळसरळ फितुरी वाटली.

फितुरी एका रात्रीत होते. हा बदल मात्र दोन वर्षांहून अधिक काळ शिजत होता आणि त्याची सुरुवात आधीच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात झाली होती. श्रोत्यांच्या कानांवर मधला प्रवास पडलाच नाही, कारण त्या काळात एका कोर्टकचेरीनं बँडचं तोंड बांधून ठेवलं होतं. 'माय वॉर'ची गोष्ट त्यामुळे जितकी संगीताची, तितकीच एका सक्तीच्या मौनाची आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्राकाठी हर्मोसा बीच, रेडोंडो बीच, मॅनहॅटन बीच अशी गावं एकापुढे एक लागतात. ऊन, लाटा, सर्फिंग आणि निवांत मध्यमवर्गीय वस्ती. यातल्या हर्मोसा बीचमध्ये ग्रेग गिन नावाचा एक अबोल, एकलकोंडा मुलगा वाढला. त्याला हॅम रेडिओचा नाद होता. वयाच्या बाराव्या वर्षी त्यानं सॉलिड स्टेट ट्यूनर्स नावाचा टपालानं माल पाठवण्याचा धंदा काढला. जुन्या लष्करी सामानातले रेडिओचे भाग घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. पुढे त्यानं यूसीएलए विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. गिटार हातात आली ती त्या मानानं उशिरा, पण आली ती कायमची.

1976 मध्ये त्यानं गायक कीथ मॉरिसला घेऊन 'पॅनिक' हा बँड काढला. त्या नावाचा दुसरा बँड असल्याचं कळल्यावर 1978 मध्ये तो 'ब्लॅक फ्लॅग' झाला. हे नाव सुचवलं ग्रेगच्या धाकट्या भावानं, रेमंड पेटिबॉननं. काळा झेंडा ही अराजकवाद्यांची खूण, शिवाय याच नावाचं झुरळं मारायचं औषधही अमेरिकेत घरोघरी होतं. पेटिबॉननंच चार उभ्या काळ्या पट्ट्यांचं चिन्ह काढून दिलं. वरखाली सरकलेल्या त्या चार पट्ट्या म्हणजे फडफडणारा झेंडा. स्प्रेच्या डब्यानं अर्ध्या मिनिटात भिंतीवर काढता येईल असं ते चिन्ह लवकरच लॉस एंजेलिसच्या पुलांखाली दिसायला लागलं. पेटिबॉन पुढे नामवंत चित्रकार झाला.

पहिली रेकॉर्ड 'नर्व्हस ब्रेकडाउन' जानेवारी 1978 मध्ये मुद्रित झाली. दुसऱ्या एका कंपनीकडून ती निघता निघेना, तेव्हा गिननं स्वतःच छापून घेतली आणि जानेवारी 1979 मध्ये बाजारात आणली. कंपनीचं नाव त्यानं आपल्या रेडिओच्या धंद्यावरूनच घेतलं : एसएसटी. चार गाणी, सगळी मिळून पाच मिनिटांच्या आसपास.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मॅनहॅटन बीचच्या पॉलिवॉग पार्कमध्ये त्यांनी कार्यक्रम मिळवला. पालिकेला सांगितलं, आमचा साधासुधा रॉक बँड आहे. रविवारची सहल म्हणून बायकामुलांसह आलेल्या मंडळींनी पहिली काही मिनिटं सहन केली आणि मग डब्यातलं खाणं स्टेजवर फेकायला सुरुवात केली. कलिंगडाच्या फोडी, सँडविच, जे हाताला लागेल ते. बँड वाजवत राहिला.

हर्मोसा बीचमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांचा मुक्काम होता. तालीम तिथेच, झोपणंही तिथेच. पेनेलोपी स्फीरिस या दिग्दर्शिकेनं त्या काळच्या लॉस एंजेलिसवर केलेल्या माहितीपटात मॉरिसनंतरचा गायक रॉन रेयेस कॅमेऱ्याला आपली खोली दाखवतो. खोली कसली, भिंतीतलं कपाटच ते. भाडं महिना 16 डॉलर.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागला, स्थानिक हॉल मिळेनासे झाले, तेव्हा गिन आणि बेस वाजवणारा चक डुकोव्स्की यांनी व्हॅनमध्ये सामान टाकून देश पालथा घातला. गावोगावच्या पोरांचे फोन नंबर, कुणाच्या घरी जमिनीवर झोपायची सोय, कुठल्या गावात कोणता हॉल मिळतो, ही सगळी माहिती ते गोळा करत गेले आणि इतर बँडांना देत गेले. अमेरिकेत हार्डकोरचं जे जाळं उभं राहिलं, त्याचे बरेच धागे या व्हॅनमधून गेलेले आहेत. पुढे या जाळ्यातूनच नियम तयार झाले. गाणं छोटं हवं, वेगवान हवं, गिटारवर एकट्यानं लांबलचक करामती करायच्या नाहीत, केस बारीक हवेत. ज्यांनी रस्ता काढला त्यांनाच पुढे रस्त्याचे नियम दाखवण्यात आले.

बँडमध्ये गायक टिकत नव्हते. मॉरिस 1979 मध्ये बाहेर पडला. रेयेस 1980 मध्ये रेडोंडो बीचच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मारामाऱ्यांना वैतागून मध्येच स्टेजवरून उतरून गेला. त्यानंतर डेझ कडेना आला. त्याचा आवाज जबरदस्त होता, पण रोजच्या ओरडण्यानं घसा बसायला लागला आणि त्याला खरी हौस गिटारची होती.

1981 च्या उन्हाळ्यात बँड न्यूयॉर्कला वाजवत असताना वॉशिंग्टनहून एक वीस वर्षांचा पोरगा गाडी हाकत आला. हेन्री गारफिल्ड. आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर आणि एस.ओ.ए. या छोट्या हार्डकोर बँडचा गायक. सकाळी दुकान उघडायला परत जायचं होतं, म्हणून त्यानं 'क्लॉक्ड इन' हे नोकरीच्या वैतागाचं गाणं वाजवा अशी फर्माईश केली आणि स्वतःच स्टेजवर चढून ते गायलं. थोड्याच दिवसांत बँडनं त्याला बोलावून घेतलं. त्यानं दुकान सोडलं, आडनाव बदलून रॉलिन्स केलं आणि कॅलिफोर्निया गाठलं. कडेना दुसऱ्या गिटारवर गेला. आता बँडमध्ये पाच जण झाले.

याच पाच जणांनी 1981 मध्ये 'डॅमेज्ड' मुद्रित केला. बँडचा हा पहिला पूर्ण अल्बम, 15 गाण्यांचा. मुखपृष्ठावर एडवर्ड कोल्व्हरनं काढलेला फोटो आहे. रॉलिन्सनं आरशावर ठोसा मारला आहे, काच तडकली आहे, मनगटावरून रक्त ओघळतं आहे. प्रत्यक्षात आरसा हातोडीनं फोडला होता आणि रक्त लाल शाई आणि कॉफी मिसळून बनवलं होतं.

अल्बमवर 'सिक्स पॅक', 'टीव्ही पार्टी', 'पोलिस स्टोरी' अशी गाणी आहेत. दारू, टीव्ही, पोलिस. राग बाहेरच्या जगावर आहे, त्यात खवचट विनोदही आहे. शेवटी मात्र 'डॅमेज्ड वन' येतं आणि गाडीचा वेग एकदम पडतो. गिटार जड पावलांनी पुढे सरकते आणि रॉलिन्स ठरलेले शब्द सोडून मनाला येईल ते ओरडत जातो. इथे राग आत वळलेला आहे. 1981 मध्ये हे गाणं बहुतेकांना शेवटची एक तऱ्हेवाईक गंमत वाटली असणार. मागे वळून बघताना दिसतं ते असं, की पुढच्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू या एका गाण्यातून निघाली आहे. त्या दोहोंच्या मध्ये काय घडलं, ते आता बघू.

'डॅमेज्ड'साठी एसएसटीनं युनिकॉर्न नावाच्या कंपनीशी करार केला होता, कारण युनिकॉर्नचं वितरण एमसीए या बड्या कंपनीकडे होतं. रेकॉर्ड छापून तयार झाल्यावर एमसीएच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं ती ऐकली आणि आईबापांच्या विरोधात जाणारी रेकॉर्ड म्हणून वितरणाला नकार दिला. एसएसटीशी संबंधित मंडळींनी पुढे सांगितलं की नैतिकता हे निमित्त होतं, खरी अडचण युनिकॉर्नच्या देण्याघेण्याची होती. कारण काहीही असो, गिन आणि मंडळींनी संधी साधली. अधिकाऱ्याचं ते वाक्यच स्टिकरवर छापून त्यांनी एमसीएच्या बोधचिन्हावर चिकटवलं आणि रेकॉर्ड स्वतः विकायला काढली.

पैशांवरून युनिकॉर्नशी वाद पेटला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाचा मनाई हुकूम आला : निकाल लागेपर्यंत ब्लॅक फ्लॅगच्या नावानं नवी रेकॉर्ड काढायची नाही. यावर एसएसटीनं 'एव्हरीथिंग वेंट ब्लॅक' हा जुन्या मुद्रणांचा संग्रह काढला आणि त्यावर बँडचं नाव कुठेही घातलं नाही, फक्त वादकांची आणि गायकांची नावं छापली. कोर्टाला ही पळवाट मान्य झाली नाही. अवमानाबद्दल गिन आणि डुकोव्स्की यांना लॉस एंजेलिसच्या तुरुंगात पाच दिवस काढावे लागले. अखेर 1983 मध्ये युनिकॉर्नचं दिवाळं वाजलं आणि बँड सुटला.

रेकॉर्ड काढायला बंदी होती, वाजवायला नव्हती. या काळात बँड तालीम करत होता, दौरे करत होता आणि गाणी साठवत होता. माणसंही गळत होती. कोलंबियाचा ड्रमवादक रोबो 1981 च्या अखेरीस ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला तो व्हिसाच्या भानगडीत अडकला आणि बँडला मुकला. 1982 मध्ये कॅनडाच्या 'डी.ओ.ए.' बँडमधून चक बिस्किट्स हा तुफान ड्रमवादक काही महिन्यांसाठी आला. त्याच्यासह पाच जणांनी जे कच्चं मुद्रण केलं, ते अधिकृतपणे कधी निघालं नाही, पण त्याच्या चोरट्या टेप आजही रसिकांत फिरतात. त्या टेपवर 'माय वॉर' हे गाणं आहे, 'स्लिप इट इन' आहे, 'ब्लॅक कॉफी' आहे. म्हणजे 1984 मध्ये जी गाणी लोकांना आकाशातून पडल्यासारखी वाटली, त्यातली काही दोन वर्षं आधीच तयार होती. दोन गिटार, बिस्किट्सचे घणाघाती ठोके आणि लांबत चाललेली गाणी. बदलाचा मधला टप्पा तो हाच. ही टेप 1982 मध्ये अल्बम म्हणून निघाली असती, तर 'माय वॉर' ही पुढची पायरी ठरली असती. टेप अडकून पडली आणि लोकांना पायऱ्यांऐवजी एकदम कडा दिसला.

बिस्किट्स गेला, त्याच्या जागी 'डिसेंडेंट्स'चा बिल स्टीव्हन्सन कायमचा आला. कडेना स्वतःचा बँड काढायला बाहेर पडला. मग 1983 मध्ये डुकोव्स्कीही गेला. तो या बँडचा तत्त्वज्ञ आणि प्रचारक, पण गिनला हवी असलेली लय त्याच्या बेसमधून निघत नव्हती. बँडमधून गेल्यावरही तो एसएसटीचं काम बघत राहिला. कडू-गोड भाग असा की अल्बमला ज्या गाण्याचं नाव मिळालं, ते 'माय वॉर' डुकोव्स्कीचंच आहे. तो वाजवायला नव्हता, त्याचं गाणं होतं.

गिनला हवी असलेली ही लय कोणती? त्याच्या आवडीनिवडी पंकवाल्यांना न शोभणाऱ्या होत्या. 'ग्रेटफुल डेड'चे तासन्‌तास चालणारे कार्यक्रम त्याला प्रिय होते. 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटल बँडची जड गिटार त्याच्या कानात होती. आणि जॉन मॅकलॉलिनच्या 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा'चा तो चाहता होता. श्री चिन्मय यांच्या नादी लागून मॅकलॉलिननं महाविष्णु हे नाव घेतलं आणि जॅझ, रॉक, भारतीय ताल यांचं अवघड मिश्रण वाजवलं, हे आपल्याकडच्या जाणकारांना ठाऊक आहे. हार्डकोरच्या ठोकाठोकीत हे सगळं कुठे बसवायचं, या प्रश्नाशी गिन दोन वर्षं झुंजत होता.

त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोचा 'फ्लिपर' हा बँड मुद्दाम संथ वाजवून पंकच्या गर्दीला छळत होता. त्यांचा 1982 चा अल्बम रॉलिन्सच्या अत्यंत आवडीचा. लॉस एंजेलिसमध्येच 'सेंट व्हायटस' नावाचे लोक ब्लॅक सॅबथच्या वाटेनं जाणारं काळोखं, जड संगीत वाजवत होते. एसएसटीनं त्यांचा पहिला अल्बम 1984 मध्ये काढला. बोस्टनकडचे आणि इतर ठिकाणचे काही हार्डकोर बँडही मेटलकडे झुकत होते, पण त्यांनी मेटलचा वेग उचलला. ब्लॅक फ्लॅगनं वजन उचललं.

स्टीव्हन्सन वेगासाठी नावाजलेला होता. गिननं त्याला दिवसच्या दिवस अत्यंत संथ लयीत वाजवायला लावलं. कारण साधं होतं. वेगात वाजवताना अंगातला जोर माणसाला ओढून नेतो, चुका झाकल्या जातात. लय कमी केली की लपायला जागा उरत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर स्वतः धरून ठेवावं लागतं. गिनला ठोके कुठेही न रेटता, न ओढता, सारख्या अंतरावर हवे होते. बँडमध्ये गमतीनं त्याला 'सोशॅलिस्ट ग्रूव्ह' म्हणायचे, सगळ्या ठोक्यांना समान वाटा. या तालमी तासन्‌तास चालत. रॉलिन्स त्या काळात गिनच्या आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये राहायचा, वाचायचा, वहीत लिहायचा आणि तालमीला यायचा.

बेसवादक अजून मिळाला नव्हता. गिन थांबायला तयार नव्हता. बेसही त्यानंच वाजवला आणि रेकॉर्डवर त्या वादकाचं नाव दिलं डेल निक्सन. असा माणूस कुणी नव्हताच.

डिसेंबर 1983. रेडोंडो बीचमधला टोटल अ‍ॅक्सेस हा स्टुडिओ. दोनच महिने आधी मिनेसोटाच्या 'हुस्कर डू' या एसएसटीच्याच बँडनं इथे 'झेन आर्केड' हा दुहेरी अल्बम 45 तासांत वाजवून काढला होता. त्यांनी हार्डकोरच्या कुंपणावरून सूर आणि पियानोच्या बाजूला उडी मारली होती. आता ब्लॅक फ्लॅगनं दुसऱ्या बाजूला मारली. दोन्ही वेळी नियंत्रण कक्षात तोच माणूस होता, ग्लेन लॉकेट, सगळ्यांचा 'स्पॉट'. बँड खोलीत जसा वाजतो तसाच टेपवर उतरावा, ही त्याची पद्धत. 'माय वॉर'ची निर्मिती त्यानं गिन आणि स्टीव्हन्सन यांच्यासह केली.

पहिली बाजू ऐकताना जुना ब्लॅक फ्लॅग ओळखू येतो. 'माय वॉर' सुरू होतं तेच चढ्या रागात. रॉलिन्सचा आवाज एकेका शब्दावर तुटून पडतो. 'बीट माय हेड अगेन्स्ट द वॉल' जवळपास जुन्या चालीचं. पण कान देऊन ऐकलं तर गिटार बदललेली आहे. सुटसुटीत तीन सुरांऐवजी गिन आता तिरकस, बोचऱ्या जागा घेतो. स्वर मुद्दाम ठरल्या ठिकाणाच्या अलीकडे पलीकडे पडतात. बाजू संपते 'द स्विंगिंग मॅन'नं. तिथे गिटार आणि ड्रम एकमेकांना सोडून धावतात आणि बेबंद जॅझ ऐकल्याचा भास होतो.

रेकॉर्ड उलटली की 'नथिंग लेफ्ट इनसाइड', 'थ्री नाइट्स' आणि 'स्क्रीम'. आपल्याकडे ख्याल विलंबितात बसतो आणि हळूहळू द्रुताकडे जातो, ऐकणाऱ्याला आधी धीर देतो आणि मग गती. गिननं क्रम उलटा लावला. आधी गती दिली, मग ती काढून घेतली. त्यामुळे संथपणात शांतता नाही, अडकल्याची भावना आहे. एकच वाक्य गिटारवर परत परत येतं, प्रत्येक फेरीत जड होत जातं. स्टीव्हन्सन ठोका देतो आणि पुढचा ठोका शक्य तितका लांबवतो. रॉलिन्सला आता वेगाचा आधार नाही. दीड मिनिटाच्या गाण्यात राग निभावून नेता येतो. सहा मिनिटं तो पेलायचा तर त्यात खरंच काहीतरी असावं लागतं. त्यामुळे तो विनवतो, कुजबुजतो, फुटतो आणि 'स्क्रीम'च्या शेवटी शब्द सोडून निव्वळ ओरडतो. 'डॅमेज्ड'मधले पोलिस, टीव्ही, दारूचे डबे इथे नाहीत. बाहेरचा शत्रू संपला आणि माणूस स्वतःसमोर उभा राहिला.

हे सगळं सुबक झालं असं नाही. बेस वाजवणारा दुसरा माणूस नसल्यानं आवाज कोरडा आहे, काही ठिकाणी रॉलिन्सचा आक्रोश एकसुरी होतो. 1982 ची चोरटी टेप ऐकलेले अनेक जण आजही म्हणतात की त्या पाच जणांच्या बँडनं हा अल्बम केला असता तर तो अधिक भरदार झाला असता. हे म्हणणं डावलण्यासारखं नाही. पण या कोरडेपणामुळेच दुसरी बाजू इतकी उघडीवाघडी वाटते, हेही तितकंच खरं.

दौऱ्यासाठी बेसवर किरा रोस्लर आली, ती यूसीएलएमध्ये शिकत होती. 1984 मध्ये बँडनं दीडशेहून अधिक कार्यक्रम केले. धक्काबुक्की करत नाचायला आलेल्या गर्दीसमोर हे लोक दुसऱ्या बाजूची गाणी वाजवायचे. नाचायचं कशावर, हा गर्दीपुढचा प्रश्न. लोक ओरडायचे, थुंकायचे, रॉलिन्सवर हात टाकायचे. सोबत आणलेल्या सेंट व्हायटसच्याही वाट्याला असलाच पाहुणचार यायचा. बँड मागे हटला नाही. त्या एका वर्षात 'माय वॉर'नंतर 'फॅमिली मॅन' निघाला, ज्याची एक बाजू रॉलिन्सचं नुसतं वाचन आणि दुसरी गाण्याविना वादन. मग 'स्लिप इट इन'. मग थेट कार्यक्रमाचं मुद्रण. कोर्टानं अडवून ठेवलेला साठा असा एकदम बाहेर आला आणि जुन्या श्रोत्यांची उरलीसुरली आशाही मावळली.

श्रोते मिळाले ते वायव्येला. सिअ‍ॅटल आणि भोवतालची लाकूडतोडीची गावं न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसपासून लांब होती. तिथल्या पोरांना पंक आणि मेटल यांच्यातलं सोवळंओवळं फारसं कळत नव्हतं. त्यांच्या घरी ब्लॅक सॅबथच्या शेजारी ब्लॅक फ्लॅग राहू शकत होता. सप्टेंबर 1984 मध्ये ब्लॅक फ्लॅग सिअ‍ॅटलच्या माउंटेनिअर्स क्लबात वाजवायला आला. आपल्या रेकॉर्डी विकून तिकीट काढलेला अ‍ॅबर्डीन गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा त्या गर्दीत होता. त्याचं नाव कर्ट कोबेन, पुढे 'निर्व्हाना' बँडचा गायक. त्याआधी त्यानं सॅमी हेगर या रॉकगायकाचा कार्यक्रम पाहिला होता, पण आपला पहिला कार्यक्रम म्हणून पुढे तो ब्लॅक फ्लॅगचंच नाव सांगायचा. आपल्या आवडत्या 50 अल्बमांची यादी त्यानं डायरीत लिहून ठेवली होती. त्या यादीत 'माय वॉर' आहे.

कोबेनला या नादाला लावणारा बझ ऑस्बोर्न शेजारच्या मॉन्टेसानो गावचा. त्याचा 'मेल्विन्स' हा बँड 1983 मध्ये वेगवान हार्डकोर वाजवत सुरू झाला. 'माय वॉर' आल्यावर त्यांनी लय पाडली, इतकी की 1987 चा त्यांचा पहिला अल्बम दुसऱ्या बाजूचीच पुढची पायरी वाटतो. सिअ‍ॅटलच्या 'ग्रीन रिव्हर'चा आणि पुढे 'मडहनी'चा गायक मार्क आर्म हाही याच संथ गाण्यांनी भारावलेला. ज्याला जगानं पुढे ग्रंज म्हटलं, त्याच्या मुळाशी ही अवजड लय आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये 1988 मध्ये निघालेला 'आयहेटगॉड' आणि त्याच्यासारखे स्लज मेटल म्हणवणारे बँड यांचंही घराणं इथेच येऊन मिळतं.

ब्लॅक फ्लॅगला हे बघायला मिळालं नाही. 1985 मध्ये 'लूज नट', 'इन माय हेड' आणि निव्वळ वादनाची 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही रेकॉर्ड आली. स्टीव्हन्सन गेला, किरा गेली. 27 जून 1986 ला डेट्रॉइटमध्ये त्या वेळच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि काही आठवड्यांनी गिननं रॉलिन्सला फोन करून बँड संपल्याचं सांगितलं.

'माय वॉर' आज थोर मानला जातो तेव्हा त्याला काळाच्या पुढचा अल्बम म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. अल्बम 1982-83 च्या तालमींच्या काळाशी अगदी बरोबरीनं चालत होता, मागे राहिले होते ते श्रोते, आणि त्यात त्यांचाही दोष नव्हता. त्यांच्या हातातल्या शेवटच्या नव्या अल्बमची रेकॉर्ड 1981 सालची होती. ज्यांच्या डोक्यात ती पक्की बसली होती त्यांना नवी रेकॉर्ड चुकीची वाटली. ज्यांच्या डोक्यात काही पक्कं नव्हतं, त्या मॉन्टेसानोच्या आणि अ‍ॅबर्डीनच्या पोरांनी ती जशी आहे तशी ऐकली आणि लगेच वाजवायला घेतली.

या पोरांना ती रेकॉर्ड किती बारकाईनं पाठ होती, याचा एक दाखला. 1992 मध्ये ऑस्बोर्ननं स्वतःच्या नावानं एक छोटी रेकॉर्ड काढली. साथीला 'निर्व्हाना'चा डेव्ह ग्रोल होता, तेव्हा जगातला सगळ्यात नावाजलेला ड्रमवादक. रेकॉर्डवर त्याचं खरं नाव छापलं नाही. वादकाच्या जागी छापलं होतं, डेल निक्सन.